मृतांच्या वाटा

दुबईत जबल अलीतल्या आमच्या ऑफिसात एक बास्क सहकारी आहे, उत्तर स्पेनच्या डोंगरातल्या छोट्या खेड्याचा. एकदा जेवताना त्याने मोबाइलवर गाव दाखवलं. हिरवे उतार, विखुरलेली दगडी घरं, मधे चर्च आणि प्रत्येक घरापासून चर्चकडे जाणारी पायवाट.

"ही मृतांची वाट," तो म्हणाला. "घर विकलं तरी बुजवत नाहीत. अंत्ययात्रेत पुढे क्रॉस घेऊन शेजारी चालतो. कुठला शेजारी, तेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. भांडण असलं तरी येतोच."

मी थक्क होऊन त्या वाटा पाहत राहिलो. माझे वडील गेले तेव्हा ऑडिट सोडून मी गावी गेलो नाही. अग्नी शेजारच्या काकांनी दिला. मी व्हिडिओ कॉलवर हात जोडले. त्यानंतर लाजेने त्यांना फोनही केला नाही.

"त्या शेजाऱ्याला काय देता?" मी विचारलं.

"देणार काय? घरी आणून आधी त्याला जेवायला बसवायचं. यल्ला, चल आटप, तुझा भात गार झाला."

मी डबा तसाच ठेवून काकांना फोन लावला. आवाज ओळखून ते म्हणाले, "अरे, तू! जेवलास का?"