गप्प बसून जिंकलेला सामना

आमच्या महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी एकत्र जमले, की पाने मांडली जाण्याआधीच एका वादाला तोंड फुटते. आपल्या संघाचा सर्वांत मोठा विजय कोणता, हा तो वाद. कोणी क्रिकेटचा तो सामना काढतो, ज्यात आमच्या शेवटच्या जोडीने ऊन उतरेपर्यंत फळी धरली आणि पंचांनाच यष्ट्या उचलण्याची घाई झाली. कोणी चिखलात झालेल्या खो-खोचा दाखला देतो; त्या सामन्यात आमचा एक गडी खांबाला मिठी मारून तसाच बसून राहिला होता, कारण पाय सोडवून घेणे त्याला शक्य नव्हते. मी या वादात आजवर कधी भाग घेतलेला नाही. चारचौघांत बोलण्याची वेळ आली, की माझे वाक्य मनात पुरते जुळून येईपर्यंत विषय बदललेला असतो. उतारवयात लेखणी हाती धरण्याचे धाडस करतो आहे, ते बहुधा यामुळेच. कागद मधे बोलत नाही.

माझे मत हुतुतूच्या एका सामन्याला आहे. त्याचे एक कारण मी आधीच सांगून टाकतो. आयुष्यात मला कधी मोठ्याने ओरडता आले नाही, आणि माझ्यासारख्याच्या पाठिंब्याचा संघाला उपयोग झाला, असा तो एकच सामना.

तो काळ १९४५ च्या आसपासचा. साताऱ्यात तेव्हा महाविद्यालय नव्हते. त्यामुळे तिकडची मुले सांगलीला आमच्याकडे येत. अशाच मुलांपैकी एक वडूजकडचा होता. तो आमचा चढाईचा गडी. अंगाने सडपातळ, पण छाती अशी, की एका श्वासात समोरच्यांच्या दोन्ही कोपऱ्यांना भेट देऊन तो परत येई. त्याचे दुर्दैव एकच होते. लहानपणी घटसर्प होऊन त्याचा गळा कायमचा बसला होता. बोलला तर शेजारच्यालाही कान पुढे करावा लागे. हुतुतूत मात्र नियम असा, की गडी पलीकडे गेल्यापासून आपल्या हद्दीत परतेपर्यंत त्याचा ‘हुतुतू’ अखंड चालला पाहिजे आणि तो पंचाला ऐकू आला पाहिजे. ऐकू आला नाही, तर दम तुटला असे धरतात आणि गडी बाद होतो.

साताऱ्याच्या मैदानावर लागोपाठ दोन वर्षे त्याचे तेच झाले. ढालीसाठीची ती स्पर्धा खुली असे आणि अंतिम सामन्यात गाठ पडे ती तिथल्या एका तालमीच्या संघाशी. पंच तिथल्याच शाळेतले कवायतीचे शिक्षक. दोन्ही वेळा वडूजच्याने गडी मारले, तो परत आला, आणि दोन्ही वेळा पंचांनी हात आडवा केला. दम तुटला. तालमीची माणसे त्यानंतर उघड म्हणू लागली, की हा पोरगा मधेच श्वास घेतो आणि नुसते ओठ हलवतो.

तिसऱ्या वर्षी आम्ही निघण्यापूर्वी तो वसतिगृहाच्या पायरीवर माझ्या शेजारी बसला होता. परीक्षा झाली की तो पलटणीत भरती होणार होता. त्याचे वडील पेन्शनीत निघालेले हवालदार होते आणि घरात ते ठरूनच गेले होते.

“ढाल मिळाली तर मिळाली,” तो त्याच्या त्या बसक्या आवाजात म्हणाला. “पण त्या मास्तरांनी माझा दम एकदा ऐकावा, येवढंच. मी चोर न्हाई गड्या.”

मी काहीतरी बोलायला हवे होते. मी मान हलवली.

आता आमच्या पाठिंब्याच्या रीतीविषयी सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी आमच्याच मैदानावर आमच्याच आरोळ्यांत त्याचा आवाज बुडाला, तेव्हा कर्णधार हात जोडून आमच्यापुढे उभा राहिला. “बाबांनो, तुमचं प्रेम आम्हांला महाग पडतंय. हा आत गेला की तोंडं मिटा.” पण तोंड मिटले तरी हातांना काही उद्योग हवा. माझ्या खोलीत राहणारा वाईचा मित्र मोठा विनोदी. पुढच्या चढाईला तो उठून उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून त्याने ती छातीशी धरली आणि गडी सुखरूप परतताच आभाळात भिरकावली. पाहता पाहता तीच सर्वांची रीत झाली. वडूजचा आत शिरला, की आम्ही सारे उठायचे, टोप्या उतरवून छातीशी धरायच्या आणि श्वासही जपून घ्यायचा. इतर गड्यांच्या चढायांना मात्र हवा तेवढा गलका.

साताऱ्याला जायचे म्हणजे मीटरगेज गाडीने सातारा रोड स्टेशनापर्यंत, आणि पुढे सर्व्हिस मोटारीने. मैदानावर पोहोचलो तेव्हा आमची जेमतेम एक ओळ भरली. उरलेले मैदान साताऱ्याचे होते. आमच्या पाठीमागेच एक थोराड पहिलवान बसला होता. त्याचा गुलाबी पटका आणि त्याचा आवाज ही दोन्ही अजिंक्यताऱ्यावरून दिसावीत आणि ऐकू यावीत अशी होती.

“आवं कालिजवालं,” तो सुरुवातीलाच म्हणाला, “गड्यासाठी खडीसाखर आणली का न्हाई?”

“आणलीय की,” वाईचा म्हणाला, “पण ती तुमच्यासाठी. ओरडून ओरडून सामना संपेतो गळा राहायचा नाही तुमचा.”

“माझा गळा? ह्यो गळा बैलगाडी थांबिवतो.”

“त्यो पोरगा आपल्या वडूजचा हाय की रं,” पहिलवानाचा सोबती मधे पडला. “सांगलीवाल्यांनी पळिवला.”

“मग सांगलीवाल्यांनी त्याला बोलायला तरी शिकवायचं हुतं.”

सामना चुरशीचा झाला. प्रत्येक वेळी वडूजचा चढाईला गेला, की आम्ही नियमाप्रमाणे उठून मुके व्हायचे, आणि नेमका त्याच वेळी साताऱ्याचा गलका टिपेला पोहोचायचा. आमच्या शांततेचा या परक्या मैदानावर काही उपयोग नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात येऊ नये, याचे आज नवल वाटते. पंच त्याच्यापाठोपाठ कान लावून धावत होते. दोन चढायांत तो कोणालाच न शिवता परतला आणि आमच्या टोप्या न उडता डोक्यावर परत गेल्या. गलक्याच्या धास्तीने तो खोल जातच नव्हता. शेवटच्या चढाईची वेळ आली, तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो.

तो मधली रेषा ओलांडून आत गेला. आम्ही उठलो, टोप्या उतरवल्या आणि या वेळी प्रथमच मानाही खाली घातल्या. आमच्यापैकी पुष्कळांच्याने समोर बघवत नव्हते, हे खरे कारण. मागे पहिलवान गर्जत होता. एवढ्यात त्याच्या सोबत्याचा दबका आवाज मला ऐकू आला.

“आरं गप. गप की. कोन तरी गेलं वाटतं.”

“कोन?”

“काय म्हाईत. कालिजवाली समदी बोडकी, माना घालून हुबी ऱ्हायलीत बघ.”

त्या काळात उघडे डोके घेऊन माणूस चारचौघांत उभा राहिला, की घरात कोणी गेले असेच समजत. शिवाय ते दिवसच तसे होते. कोणी थोर पुढारी गेल्याची वार्ता येई, आणि सभा असो वा बाजार, माणसे असतील तिथे उभी राहत. पुण्याकडून काही तार आली असावी आणि ती शिकलेल्या मुलांना आधी कळली असावी, असा पहिलवानाने तर्क केला. त्याने घाईघाईने पटका उतरवून काखेत धरला आणि तो उभा राहिला. तो उभा राहिला म्हणून त्याच्या मागचे उठले. दोरीच्या कडेकडेने ती शांतता पसरत गेली. समोरच्या बाजूला माणसे एकमेकांना कोपरांनी ढोसत होती आणि मुकाट्याने डोक्यावरचे उतरवत होती.

आणि मग तो आवाज मला ऐकू आला. बारीक, घोगरा, दूरवर उसाचा चरक फिरावा तसा, एका लयीत: हुतुतू, हुतुतू, हुतुतू. माझी मान आपोआप वर झाली. त्यालाही मैदान थंड पडल्याचे जाणवले असावे, कारण तो आता पार कोपऱ्यात शिरला होता. त्याने कोपऱ्यातल्याला शिवले, वळताना दुसऱ्याला पायाने शिवले, त्याच दुसऱ्याने कमरेला घातलेली मिठी ओढत ओढत आणली आणि हाताची बोटे मधल्या रेषेवर टेकवली. आवाज तोवर चालूच होता.

आमच्या टोप्या आभाळात गेल्या.

पहिलवान त्या टोप्यांकडे, मग आमच्याकडे, मग काखेतल्या पटक्याकडे बघत राहिला. “गेलं तरी कोन म्हनायचं?”

“कोणी नाही,” वाईचा म्हणाला. “तुमच्या कोपऱ्यातले दोघे तेवढे.”

क्षणभर मला आमच्या हाडांची काळजी वाटली. पण तोवर तालमीची माणसे पंचांभोवती गोळा झाली होती. फसवणूक आहे, दम तुटला होता, पूर्वीसारखाच निकाल द्या, असा एकच कल्ला झाला. वडूजचा रेषेवर गुडघे टेकून बसला होता आणि पंचांच्या तोंडाकडे पाहत होता. गुणफलकाकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

पंचांनी शिट्टी वाजवून सर्वांना मागे सारले. “दम शेवटपर्यंत होता,” ते म्हणाले. “दोन वर्षं ऐकू आला नाही, म्हणून दिला नाही. आज सबंध ऐकला. दोन गुण.” मग खाली वाकून त्यांनी त्याला हाताला धरून उठवले. ते त्याच्याशी काय बोलले, ते आमच्यापर्यंत पोहोचले नाही. त्याने मात्र त्यांच्या पायांना हात लावला.

ढाल घेऊन आम्ही मोटारीत चढत होतो, तेव्हा पहिलवान कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. त्याने तो वडूजच्याच्या मांडीवर आदळला.

“लय फसिवलं रं तुमी,” तो म्हणाला. “खा आता. आमचाच हाईस तू.”

सातारा रोडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बाकीचे नाचत होते. वाईचा ढाल डोक्यावर घेऊन इंजिनाला पाणी देणाऱ्या नळाभोवती फेर धरत होता. वडूजचा माझ्याजवळ येऊन बसला. पेढ्यांचा पुडा त्याने मांडीवर ठेवला.

“तुला ऐकू आला?” त्याने विचारले.

“आला.”

“कसा हुता?”

आपला दम दुसऱ्याच्या कानाला कसा लागतो, हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. एक नेटके वाक्य मनात जुळू लागले होते. या वेळी मी त्याची वाट पाहिली नाही.

“सलग होता,” मी म्हणालो. “कुठेही तुटला नाही.”

त्याने मान हलवली, पुड्याची दोरी सोडली आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.