ओसरीवरची टोपली
ऑफिसच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली की तो वास मला थेट गावच्या तलावावर नेतो. आई आणि मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या बायांनी दोन वर्षं खपून तलावात माजलेली बेशरमाची झुडपं उपटली होती, माशांना अंडी घालायला एका कोपऱ्यात पाणवनस्पती लावल्या होत्या, आणि त्या कोपऱ्यात कुणी जाळं टाकायचं नाही असं ठरवलं होतं. एका सकाळी तिथे पांढऱ्या पोटांचे मासे तरंगत होते. गावच्या मोठ्या शेतकऱ्याकडे त्याच दिवशी मुलाच्या सोयरिकीचे पाहुणे येणार होते, म्हणून त्याने पाण्यात पावडर ओतून मोठे मासे वेचून नेले होते. आईने विचारलं तर तो हसला, "मासोळ्यांसाठी काऊन रडून राह्यली बाई? पुढच्या साली येतीन अजून." घरातली पहिली पदवीधर म्हणून मी तक्रारीचा अर्ज लिहायला बसले होते, तो तसाच ठेवला. दुपारी उन्हात सडलेली माशांची पिल्लं टोपलीत भरली आणि ती त्याच्या ओसरीवर, जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर ठेवली. "जेवा भाऊ पोटभर. तुमच्या ताटातल्या मासोळ्या याच तलावातल्या हायेत, पावडर टाकून मारलेल्या." पाहुणे ताटावरून उठले, सोयरीक तिथेच मोडली. पावडरीने जळालेल्या पाणवनस्पती बायांनी पुन्हा लावल्या. दर सुट्टीत मीही त्यांच्यासोबत चिखलात उतरते. त्या दुपारचा पस्तावा मला एकच आहे, टोपली लहान होती.