राखेने घासलेली कुपी

आमच्या वळसंगच्या मेंढपाळ घरात भुताखेतांना कधीच तोटा नव्हता. विहिरीत एक, बाभळीवर एक, शेजारच्या पडक्या मळ्यात तर अख्खं कुटुंब. लहानपणीही माझा त्यांवर विश्वास बसला नाही, आणि कॉलेजात गेल्यावर मी त्यांची थट्टाच करायला शिकलो. आजही माझा विश्वास नाही. म्हणूनच खाली लिहिलेल्या गोष्टीचं काय करावं, ते मला कळत नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर कृपा करून कळवावं.

सोलापूरचा तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नुकताच बी.ए. होऊन सोलापुरात शाळामास्तर झालो होतो. साखर पेठेत माडीवर एक खोली, खाली तेलुगू विणकरांचे माग. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. ती चढलो ती आमच्या हेडमास्तरांमुळे. मॅट्रिकच्या वर्षी त्यांनी मला दोन वेळचं जेवण आणि अभ्यासाला स्वतःच्या घरातली खिडकीजवळची जागा दिली होती. पुढच्या गोष्टीत 'सर' म्हणतो ते हेच.

सरांना एकच नाद — जुनी काच. ग्रीक लोकांची, रोमन लोकांची. ग्रीक कारागीर मातीच्या गोळ्याभोवती वितळलेली काच गुंडाळत आणि मग आतली माती कोरून काढत. पुढे रोमन अमलात नळीने काच फुंकायची युक्ती सापडली... हे सगळं ते परदेशातून मागवलेल्या पुस्तकांतून शिकले होते. आमच्या भागात ओसाड पडलेल्या जुन्या गावांची टेकाडं आहेत, त्यांना 'पांढर' म्हणतात. मेंढरं चारताना तिथे मणी, खापरं, काचेचे तुकडे सापडतात. सरांनी पंधरा वर्षं धनगरांकडून ते गोळा केले. पण अखंड वस्तू एकच मिळाली होती. एक कुपी.

तीन बोटं उंच, फिकट हिरवी. पोटात गोल बुडबुडे, मानेत लांबट. सर म्हणत, "फुंकून मग मान ओढली, म्हणून बुडबुडेही ओढले गेले बघ." सगळ्यात मोलाचा होता तो तिच्यावरचा पापुद्रा. मातीत शेकडो वर्षं पुरलेल्या काचेवर असा पापुद्रा चढतो आणि त्यात मोरपिसाचे रंग दिसतात. तोच तिच्या वयाचा दाखला. तो नसेल तर कुणीही म्हणेल, ही बाजारातली अत्तराची बाटली आहे.

आणि तसं एकाने म्हटलंही होतं. कुपी रोमन आहे असं लिहिलेल्या सरांच्या पत्राला परदेशातल्या एका प्रोफेसराने उत्तर दिलं होतं की तुमच्या भागात रोमन काच असेल असं वाटत नाही. शेवटी मुंबईच्या म्युझियममधले एक गृहस्थ रविवारी कुपी बघायला येणार असं ठरलं. सरांना मोतीबिंदू झाला होता, जेमतेम दिसायचं. म्हणून आपल्या संग्रहाच्या छापायच्या कॅटलॉगसाठी चित्र काढायला त्यांनी कुपी माझ्या हाती दिली. घरी न्यायला दिली. "तुझ्याकडे आहे म्हणजे माझ्याकडेच आहे," एवढंच बोलले.

मंगळवारी मी चित्र पुरं केलं. भिंगाखाली, मापं घेऊन. मानेच्या खाली एका जागी पापुद्रा मुळातच उडालेला होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा चट्टा. तोही काढला.

बुधवारी शाळेतून आलो तर खोलीत आई. गावाकडून भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आली होती. खिडकीत कुपी ठेवलेली — पाण्यासारखी स्वच्छ.

"आये, ह्ये काय केलंस?"

"घासली. पांढरीतली वस्तू हाय न्हवं ती? मेल्याल्या मानसांची. ती काय तशीच घरात ठिवत्यात व्हय?"

आमच्यात तशी रीतच आहे. पांढरीत सापडलेलं काही घरात घ्यायचं तर आधी लोकरीच्या बोळ्याने राखेत घासायचं, म्हणजे जुन्या मालकाचा हक्क सुटतो. मला ही रीत चांगली माहीत होती. आई कधीही येऊ शकते हेही माहीत होतं. तरी मी कुपी उघड्यावर ठेवून गेलो.

"एवढी बुकं वाचलीस," आई हसत होती, "आन् भांडं इसळायचं कळंना. तुज्या सराला सांग, आईनं घासून दिली म्हनावं. खूश हुतील."

तिचा चेहरा बघून तिला काही सांगवेना. मोरीत बघितलं. राखेच्या लगद्यात पापुद्र्याच्या खपल्या चमकत होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या. चिमट्याने एकेक उचलून कागदाच्या पुडीत बांधल्या. का, ते ठाऊक नाही.

पुढचे तीन दिवस माझं वर्गात लक्ष लागेना. मुलं गणितं दाखवायला येत, मी उत्तर न बघताच बरोबर म्हणे. हातातून पडून फुटली असं सांगावं का? एरंडेल आणि काजळी फासून बघावी का? हेही मनात येऊन गेलं, लपवत नाही. दिवसातून चारदा मी तिचा कापसाचा डबा उघडून कुपी बघायचो. शनिवारी गिरणीचा चारचा भोंगा झाला तेव्हा ती खिडकीत धरली होती, मागे वर्तमानपत्र. कुपीतून अक्षरं वाचता येत होती. पुन्हा कापसात गुंडाळून डबा सुतळीने बांधला. त्यानंतर तो उघडला नाही. खोलीला कुलूप होतं, आई गुरुवारीच परत गेली होती.

रविवारी सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याजवळ सरांच्या घरी गेलो. पाहुणे यायला तासभर होता. सरांची बहीण माई तांदूळ निवडत होती.

डबा उघडण्याआधीच मी सगळं सांगितलं. राख, लोकर, मोरी, सगळं. आईला नव्हे, मला दोष द्या म्हणालो.

सरांनी डबा चाचपून बघितला. मग म्हणाले, "उघड."

मी सुतळी सोडली. कापूस बाजूला केला. सरांनी कुपी उचलली, उन्हात धरली, बऱ्या डोळ्याजवळ नेली.

"माई, इकडे ये. काय दिसतं तुला?"

माईने पदराला हात पुसले. "रंग दिसतात की. जांभळा, हिरवा... नेहमीसारखेच. का रे?"

मी बघितलं. कुपीवर पापुद्रा होता. सगळीकडे.

"सर, मी खोटं बोलत नाही. ह्या बघा खपल्या." मी पुडी उघडली.

"अशा खपल्या कुठल्याही तुकड्याच्या पडतात." ते कठोर नव्हते, हेच मला सोसेना. "जागरणं फार झाली तुझी. माझ्या कामापायीच झाली."

"सर, आईला विचारा—"

"सिद्राम. बस खाली. माई, ह्याला चहा दे."

पाहुणे आले. भिंग लावून पाव तास बघत बसले आणि म्हणाले, "हा थर अगदी अबाधित आहे. ह्याला शेकडो वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही." सरांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. मग पाहुण्यांनी माझं चित्र हाती घेतलं.

"मानेखाली हा पांढरा ठिपका कसला?"

मी कुपी हातात घेतली. चट्टा नव्हता. तिथेही पापुद्रा चढला होता.

"नजरचूक असेल," सर म्हणाले. "रबर घे."

मी रबर घेतलं आणि मापून काढलेला तो चट्टा स्वतःच्या हाताने खोडला. आयुष्यात मी काढलेलं ते सगळ्यात नेमकं चित्र होतं.

कुपी मुंबईला गेली. सरांचा कॅटलॉग छापला गेला, त्यात माझं नावही आहे. पुढच्या वर्षी सर गेले. माझ्यावरचा त्यांचा विश्वास शेवटपर्यंत तसाच होता, पण त्या सकाळच्या माझ्या शब्दांवर तो कधीच बसला नाही. गुन्हा कबूल करूनही तो माझ्या खात्यावर राहिला नाही, आणि माफीही मिळाली नाही. मागायची कशाची?

रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना विचारलं. असा थर चढायला शतकं लागतात, एका रात्रीत होणं नाही, असं ते म्हणाले. पुडीतल्या खपल्या त्यांनी पाहिल्या, जुन्या काचेच्याच आहेत म्हणाले.

मग आईला सांगितलं. ती अंगणात लोकर पिंजत होती. तिला काही नवल वाटलं नाही.

"मेंढरू कातरलं तर लोकर पुन्ना येतीच की. उलट दाट येती. आदीचा चट्टा असला तर त्यो बी झाकून जातो."

चट्ट्याचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

पुडी अजून माझ्या पेटीत आहे. अधूनमधून मी ती उघडतो, खपल्या मोजतो. भरतात तितक्याच. पुन्हा बांधून ठेवतो.