पाचशे एकोणनव्वद

बायको जाऊन दोन आठवडे होतात न होतात तोच मामा कामावर हजर झाले. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या या माणसाला अख्खं कॉलेज मामाच म्हणायचं. जो तो विचारी, "बरे आहात ना?" मामा म्हणत, "बरा आहे." खरं सांगायचं तर त्यांना काहीच वाटत नव्हतं. भूक नाही, रडू नाही, झोप आली तर आली.

त्यात प्रात्यक्षिक परीक्षा. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश ग्रेटिंगमधून, म्हणजे बारीक रेघा आखलेल्या काचेतून, सोडायचा. मग दुर्बीण आधी डावीकडे, नंतर उजवीकडे वळवून पिवळी रेघ गाठायची, कोन मोजायचे आणि त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. उत्तर पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर, हे पोरांना आपल्या फोन नंबरसारखं पाठ. काच प्रकाशासमोर सरळ लावून ठेवायचं काम मामांचं. एकतीस वर्षांत त्यात कधी चूक नाही.

सकाळपासून चौघं आले आणि पाचशे एकोणनव्वद लिहून हसतखेळत गेले. पाचवी मुलगी मात्र अडून बसली. डावीकडे वीस अंश, उजवीकडे साडेएकवीस, उत्तर सहाशे. तिनं तीनदा मोजलं.

"अगं, सगळ्यांना बरोबर येतंय," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. "तुझंच कसं चुकतं? नापास व्हायचंय का?"

"मला दिसलं ते लिहिलंय, सर," ती म्हणाली. आवाज रडवेला, पण खोडरबराला हात लावला नाही पठ्ठीनं.

मामांनी वाकून पाहिलं. काच चांगली दहा अंश तिरकी होती. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता, पण पोरीचं वर्ष गेलं असतं.

"चूक माझी आहे, सर. काच मी वाकडी लावली. तिचंच मोजमाप खरं आहे."

"मग आधीच्या चौघांना..." परीक्षक बोलता बोलता थांबले. त्यांनी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही बरे आहात ना?"

"नाही," मामा म्हणाले. "बायको गेली हो माझी."

हे वाक्य त्यांनी आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं. ते काच सरळ करायला दुर्बिणीवर वाकले, तर डोळे भरून आलेले, रेघ काही दिसेना. शेवटी मुलीनंच काच सरळ लावून घेतली.