मिठाचा हात

बेडूक मी निवडला होता, मुलीने नव्हे. हे आधीच सांगून टाकतो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नांदेडहून माझी बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली, टंचाईच्या टेबलावर. कोणत्या गल्लीत किती टँकर, टँकरमध्ये किती ब्लीचिंग पावडर, याच्या चिठ्ठ्या मी लिहायचो. बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी नांदेडला माहेरी होती. शाळा बुडू नये म्हणून सहा वर्षांची मुलगी मी माझ्याजवळ ठेवून घेतली. आषाढ लागला तरी आभाळ कोरडं होतं. गल्लीत तिच्या वयाचं कोणी नव्हतं. एक दिवस तिने बेडूक पाळायचा हट्ट धरला. मला वाटलं, एवढ्यानं तिचा जीव रमणार असेल तर बरंच.

पण विहिरी आटलेल्या. बेडूक आणायचा कुठून? शेजारचे चाचा कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. मुलांना फाडायला लागणारे बेडूक त्यांच्याच ताब्यात असायचे. त्यांनी आम्हाला बोलावलं. सिमेंटच्या हौदात चार बोटं पाणी होतं आणि पाच-सहा बेडूक कोपऱ्याला चिकटून बसले होते. मुलीने लगेच एका हिरव्यागार, लांब पायांच्या बेडकाकडे बोट दाखवलं.

"तो नको, बेटा," चाचा म्हणाले. "तो उड्या मारून मारून नाक फोडून घेतो. पहिल्यांदा पाळून राहिली न तू? मग हा घे."

त्यांनी दाखवला तो मातकट, पाठभर चामखिळी असलेला, भेक जातीचा बेडूक होता. "दिसायला खराब हाय, पण सबुरीचा. पाणी कमी लागतं. मुंग्या, वाळवी, काय बी खातो." त्याला उलटा करून त्यांनी मांड्यांखालची कातडी दाखवली. "इथं लाल दिसलं तर घ्यायचा न्हाई. हा साफ हाय."

"मला हिरवा पाहिजे," मुलगी म्हणाली.

"हाच बरा," मी म्हणालो.

निघताना चाचांनी दोन गोष्टी बजावल्या. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. त्यामुळे मिठाचा, साबणाचा हात त्याला लावायचा नाही. आणि टँकरचं पाणी तसंच घालायचं नाही. परातीत दिवसभर उघडं ठेवायचं, पावडरचा वास गेला की मग. "न्हाई तर साहेब, जळून जाईल तो आतून."

मुलीने ते सगळं पाळलं. खोक्यात ओली वाळू घातली, परात उन्हात ठेवायची ती, वास घेऊन बघायची ती. जेवून उठली की हात तीनदा धुवायची. त्या कुरूप जनावरावर तिचा इतका जीव जडला की हिरव्याचं नावही निघेना.

तीन आठवड्यांनी घरमालकीण अक्का दारात आल्या. पाठीमागे गल्लीतल्या बाया. धोंडी काढायची होती: लिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून दारोदार न्यायचा, प्रत्येक घरानं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि पाऊस मागायचा. पण साऱ्या लातुरात बेडूक सापडत नव्हता.

"तुमच्याकडं हाय म्हणं, साहेब," अक्का म्हणाल्या. "द्या की. का जिल्हा झाला म्हणून पाऊस बी आता कलेक्टराच्या सहीनं पडायचा?"

बाया हसल्या. मुलगी माझ्या सदऱ्याला धरून उभी होती. "बाबा, त्याला काही होईल का?"

त्या आठवड्यात शहरात जुलाबाची साथ होती आणि पावडर दुप्पट करायची चिठ्ठी मीच लिहिली होती. गल्लीतल्या प्रत्येक घागरीत तेच पाणी होतं. हे बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण अक्कांनी लगेच विचारलं असतं, जे बेडकाला मारतं ते आमच्या लेकरांना तुम्ही कसं पाजता? माणसाला त्यानं काही होत नाही, हे मी भर गल्लीत पटवून द्यायला हवं होतं. मला भीती वाटली. बोभाटा झाला, वर गेला तर? शिवाय अक्कांची खोली सुटली तर बाळंतिणीला ठेवायचं कुठं?

"काही होत नाही," मी मुलीला म्हणालो. "उलट आंघोळ होईल त्याची."

पंचवीस-तीस दारं झाली. प्रत्येक दारी बाई वाकून त्याच्यावर पाणी ओतत होती. पाचव्या-सहाव्या दारानंतर तो पाय ताणू लागला. बाया म्हणाल्या, बघा, खूश झाला. मी बायांच्या बराच मागे चालत होतो, तरी पावडरचा वास मला येत होता.

संध्याकाळी खोक्यात तो उताणा पडला होता. मुलीने विचारलं, "कशानं मेला?"

दारात अक्का उभ्या होत्या. मी म्हणालो, "तू मिठाचा हात लावला असशील."

ती रडली नाही. आपले हात उलटेसुलटे करून बघत राहिली.

दीड महिन्यानं बायको मुलाला घेऊन आली. मुलगी बाळाजवळ जायची, पण हात पाठीमागे धरून. आईनं "घे ना मांडीवर" म्हटलं की म्हणायची, "नको. मी हात लावला की मरतं." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आठ दिवस मी तिची नजर टाळली. नवव्या दिवशी मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं: पाणी, पावडर, माझी चिठ्ठी, माझी भीती. "तुझ्या हातानं काही झालं नाही. मी खोटं बोललो."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग मला बरं वाटावं अशा आवाजात विचारलं, "आईनं सांगितलं ना तुम्हाला, असं म्हणा म्हणून?"

मी नाही नाही म्हणत राहिलो. ती उठली, मोरीत जाऊन पुन्हा हात धुतले आणि बाळापासून हातभर अंतरावर, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसली. बाळानं तिच्या दिशेनं पाय झाडले, तशी ती आणखी मागे सरकली.