फडक्याखालचं सांदण

पनवेलच्या बाजारात ती कोकणी मुसलमान बाई सकाळी सांदणं विकायची. तांदळाच्या रव्याची, नारळाच्या रसातली, वाटीत वाफवलेली. टोप उघडण्याआधी झाकणावर क्षणभर तळहात टेकायची, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर टेकावा तसा. एक वाटी मात्र नेहमी फडक्याखाली असे.

“ती द्या की,” मी एकदा म्हटलं.

“ती नाय, बाय. पोरगा आगबोटीवर हाय. कवा येल, काय नेम?”

“दुपारपर्यंत आंबेल.”

“मग मी खाते. उद्या ताजं ठेवते.”

एका सकाळी फडक्याची घडी घातलेली होती आणि सगळ्याच वाट्या रिकाम्या. मला विचारायचा धीर होईना.

“उशीर केलात, बाय,” वाट्या पुसत ती म्हणाली. “पोरानं एकपण ठेवलं नाय.”

मी घरी जाऊन सांदणांऐवजी उपमा केला. घरच्यांनी तोंडं वाकडी केली. मी दोनदा वाढून घेतला.