एकाच स्कूटरवरून

टेनिसच्या सीझनला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. टीव्हीवर जे मोठे खेळाडू दिसतात त्यांना असेल. आम्ही खालच्या पायरीवरचे. आमच्या स्पर्धा इजिप्तच्या, ट्युनिशियाच्या समुद्रकाठच्या हॉटेलांत व्हायच्या, जिथे पर्यटक पोहत असायचे आणि आम्ही मागच्या बाजूच्या कोर्टांवर घाम गाळत असायचो. रविवारी पात्रता फेरी, सोमवारी बहुतेक वेळा घरी. घरी म्हणजे हॉटेलच्या खोलीवर, कारण पुढची स्पर्धा त्याच कोर्टांवर पुढच्या आठवड्यात असायची. हरल्यावर आठवडाभर काय करायचं, हा त्या वर्षातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. बेसिनमध्ये टी-शर्ट धुवायचे, कुकरमध्ये खिचडी लावायची, रॅकेटला नवी तार ओवायची, सरावाला कोणी रिकामं आहे का ते बघायचं. तिथे सगळेच रिकामे असायचे.

माझा खोलीतला सोबती कोइमतूरचा होता. डावखुरा, लांब हातांचा, कमी बोलणारा. एकाच हॉटेलात दोन भारतीय असले की खोली वाटून घ्यायची, हा आमच्यातला रिवाज. आधी खोली वाटली, मग दुहेरीत जोडी जमली. त्याला मराठी येत नव्हती, मला तमिळ येत नव्हती. मोडकी हिंदी आणि तितकंच मोडकं इंग्रजी यावर आमचं सगळं निभावलं. ट्युनिशियात मी पोटाने आजारी पडलो, तेव्हा त्याने स्वतःची मॅच संपवून, घामाने निथळत, बाजारातून दही शोधून आणलं होतं. त्या दिवशी तो हरला होता. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं, तेही निकालांच्या कागदावरून.

संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. बाबा मूळचे बीड जिल्ह्यातले. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत उमेदीची सगळी वर्षं शिफ्टमध्ये काढली आणि त्याच वर्षी रिटायर झाले होते. सुरुवातीला ते विचारायचे, "काय झालं आज?" पावसाळ्याच्या सुमाराला त्यांनी ते विचारणं सोडलं. हवापाण्याचं बोलायचे, आईकडे फोन द्यायचे. एकदा मात्र म्हणाले, "लेका, आमच्या कंपनीत थकला माणूस की सुपरवायझर सांगायचा, जा, चहा घेऊन ये. तुमच्यात असं सांगणारं कुणी हाय का नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांनी फोन आईकडे दिला.

ऑक्टोबरमध्ये एक स्पर्धा पुण्यात आली. सोबत्याला मी संत तुकाराम नगरला घरी घेऊन आलो. दोन खोल्यांचं घर. आईने हॉलमध्ये दोन गाद्या घातल्या. तिला पहिल्या दिवशी वाटलं, हा पाहुणा आहे. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली आणि त्याचे मोजे आमच्या मोज्यांबरोबर वाळत घातले. तो तिला अम्मा म्हणायला लागला. ती त्याच्याशी सरळ मराठीत बोलायची, तो मान डोलवायचा. कोणाचंच काही अडलं नाही.

रविवारी आम्ही दोघंही जिंकलो. सोमवारी पात्रतेच्या शेवटच्या फेरीत आम्हाला एकमेकांविरुद्ध खेळायचं होतं. जिंकणारा मुख्य स्पर्धेत जाणार होता. वर्षभरात मी तिथवर एकदाही पोचलो नव्हतो, आणि तोही नाही.

सकाळी पोहे वाढताना आईने विचारलं, "आज तुमचं कुणाशी आहे?"

"आमचं आमच्याशीच," मी म्हटलं.

ती थांबली. "एका घरातल्या पोरांना समोरासमोर लावतात? कुणी सांगितलं नाही का त्यांना?"

सोबत्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला हिंदीत सांगितलं. तो हसला आणि आईला म्हणाला, "अम्मा, टेनिस ऐसा ही है." आईने दोघांच्या बशीत मोजून-मापून सारखे पोहे घातले. शेंगदाणेसुद्धा ती चमच्याने इकडून तिकडे करत होती.

आम्ही बाबांच्या स्कूटरवरून निघालो. मी पुढे, तो मागे, दोघांच्या पाठीवर किटबॅगा. नाशिक फाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. उन्हात उभे राहिलो. एरवी मॅचला जाताना आम्ही समोरच्या खेळाडूबद्दल बोलायचो, त्याचा बॅकहँड कसा, तो दमतो का. त्या दिवशी बोलायला काहीच नव्हतं. त्याचा बॅकहँड मला पाठ होता आणि माझी दुसरी सर्व्हिस त्याला. तो मागून एवढंच म्हणाला, "पानी लिया ना?" मी म्हटलं, घेतलंय.

आई आणि बाबा बसने आले. व्यावसायिक स्पर्धेत मला खेळताना ते पहिल्यांदाच बघत होते. पहिला सेट त्याने घेतला, दुसरा मी. पात्रता फेरीत तिसरा सेट नसतो, दहा गुणांचा टायब्रेक असतो. आई कोणाचाही गुण झाला की टाळ्या वाजवत होती. शेजारच्या माणसाने तिला काहीतरी सांगितल्यावर तिने हात मांडीवर घेतले आणि मग कोणासाठीच वाजवल्या नाहीत.

टायब्रेकच्या मध्यावर त्याच्या पोटरीत गोळा आला. तो लंगडत सर्व्हिस करायला बेसलाइनवर गेला. मला माहीत होतं की आता चेंडू आखूड टाकला तर तो पोचणार नाही. मी टाकला. तो पोचला नाही. मी पुन्हा टाकला. त्याच्या जागी मी असतो तर त्यानेही तेच केलं असतं, आणि तसं त्याने केलं नसतं तर मला राग आला असता. हे सगळं खरं आहे. तरीही जिंकल्यावर मला आनंद झाला नाही. फक्त आता अजून एक दिवस खेळायचंय, एवढंच मनात आलं.

नेटपाशी हात मिळवताना त्याने माझा खांदा दाबला. बाकावर बसून बूट काढता काढता विचारलं, "कल कितने बजे है? सुबह मैं तेरेको वॉर्म-अप कराता हूँ."

आई खाली आली ती थेट त्याच्याकडे गेली. त्याच्या पायाशी बसून पोटरी चोळायला लागली. तो संकोचून उठायला बघत होता, ती त्याला उठू देईना. बाबा माझ्याजवळ उभे राहिले. "चांगलं खेळलास," म्हणाले. मग त्या दोघांकडे बघत हळूच म्हणाले, "आता आपण जिंकलो म्हणायचं का काय म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लंगडत कोर्टावर आला आणि त्याने मला अर्धा तास चेंडू मारून दिले. मुख्य स्पर्धेतली माझी पहिली मॅच एका उंच फ्रेंच मुलाशी होती. त्याच्या सर्व्हिसला माझी रॅकेट नीट लागलीच नाही. तासाभरात सगळं आटोपलं. वर्षभर ज्या दाराशी उभा होतो ते उघडलं, आणि आत जाऊन बाहेर येईपर्यंत चहाही थंड झाला नसता.

दुहेरी उरली होती. पोटरीला पट्टी बांधून तो खेळला. हरलो तर हरलो, असं दोघांच्याही मनात होतं, म्हणून की काय कोण जाणे, त्या वर्षातलं आमचं सगळ्यात चांगलं टेनिस तिथे झालं. उपांत्य फेरीपर्यंत गेलो. तिथे हरलो त्या संध्याकाळी घरी जेवताना त्याने सांगितलं की आता तो थांबतोय. मेहुण्याचं सुताच्या व्यापाराचं काम आहे, तिथे बसणार. हे त्याने महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. मला सांगितलं असतं तर मी सोमवारी नीट खेळलो नसतो, म्हणून सांगितलं नव्हतं.

"काय म्हणतोय हा?" आईने मला विचारलं. मी तिला मराठीत सांगितलं. तिने त्याच्या ताटात भात वाढला.

मी आणखी काही आठवडे खेळलो. नवा सोबती मिळाला, चांगला होता. डिसेंबरमध्ये खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, विश्रांती घ्या, बरा होईल. बरा झालाही. पण पुढच्या स्पर्धेसाठी नाव घालायला बसलो आणि हात पुढे गेलाच नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. "बरं," म्हणाले. "आता काही दिवस नुसती झोप काढ."

मी झोपलो. दुपारीसुद्धा झोपलो. जाग आल्यावर आपण कोणत्या गावात आहोत हे आठवावं लागत नव्हतं, याचीच कितीतरी दिवस मजा वाटली.

हल्ली मी चाकणजवळ निघोजे गावालगतच्या एका सोसायटीत शिकवतो. पहिली शिफ्ट संपवून कंपन्यांतले इंजिनीअर येतात, दमलेले, तरी उत्साही. परवा एकाने विचारलं, "सर, तुम्ही किती वर पोचला होतात?"

"पात्रता फेरीपर्यंत," मी म्हटलं. "एकदा तिच्या पुढे."

"मग सोडलं का राव?"

मी म्हटलं, "थकलो होतो." त्याने मान हलवली. त्याला ते लगेच पटलं. त्याचा स्वतःचा त्या आठवड्यात रोज ओव्हरटाइम चालू होता. मग मी चेंडूंची टोपली ओढली आणि त्याला बेसलाइनवर उभं केलं.